‘मालविकाग्निमित्र’मधील नृत्यपरीक्षा आणि नागपूरचे नृत्यवर्ग

प्रस्तावना

कालिदास आणि विदर्भ यांच्या नात्याचा विचार प्रामुख्याने ‘मेघदूता’च्या अनुषंगाने झालेला आहे. नागपूरच्या संस्कृत अध्यापनाचे भूषण असलेले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी म्हणजेच रामटेक होय, हे मत साधार मांडले. पुढे १९९७ मध्ये रामटेक येथे स्थापन झालेल्या संस्कृत विश्वविद्यालयालाही कविकुलगुरूंचेच नाव मिळाले. या सर्वांत ‘मालविकाग्निमित्र’ हे नाटक काहीसे मागे पडले. वास्तविक या नाटकाची नायिका विदर्भाची राजकन्या आहे आणि नाटकाच्या आरंभी ती नृत्य शिकत आहे.

नृत्याचा वर्ग, दोन आचार्यांमधील वाद, त्यांची परीक्षा आणि परीक्षेचा निकाल हा या नाटकाच्या पहिल्या दोन अंकांचा विषय होय. नृत्यशिक्षणाची इतकी बारकाईने केलेली चिकित्सा ललित वाङ्मयात क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात या दोन अंकांतील निकष समजून घेऊन त्यांच्या आधारे नागपूर शहरातील नृत्यवर्गांचा विचार केला आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या नाटकातील राजवाडा आणि आजचे मासिक शुल्क आकारणारे वर्ग यांची सरळ तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. परंतु चांगला शिक्षक कोणास म्हणावे, शिष्याची परीक्षा कशी घ्यावी आणि कोणाची कला पाहण्यास समाजाने वेळ द्यावा, हे तीन प्रश्न दोन्हीकडे समान आहेत.

१. नाटकातील नृत्यवर्ग

विदिशेचा राजा अग्निमित्र याच्या पदरी गणदास आणि हरदत्त असे दोन नाट्याचार्य आहेत. राणी धारिणीच्या सांगण्यावरून मालविका गणदासाकडे ‘छलिक’ नावाचा अभिनयप्रधान नृत्यप्रकार शिकत आहे. विदर्भातील सत्तासंघर्षात तिचा भाऊ माधवसेन बंदिवान झाल्यावर तिची वाताहत झाली आणि कलाकुशल मुलगी म्हणून ती राणीकडे भेटीदाखल पाठविली गेली. तिची खरी ओळख राजा-राणीला ठाऊक नाही. राजाने तिला केवळ चित्रात पाहिले आहे. ती प्रत्यक्ष दृष्टीस पडावी म्हणून विदूषक गौतम दोन्ही आचार्यांत श्रेष्ठत्वाचा वाद लावून देतो आणि निवाड्याचे काम परिव्राजिका कौशिकीकडे येते. कौशिकी ही माधवसेनाच्या अमात्याची बहीण होय. म्हणजे शिकणारी आणि परीक्षक या दोघीही विदर्भाच्याच आहेत.

कौशिकीने घातलेले निकष मोजकेच परंतु मूलगामी आहेत. नाट्यशास्त्र हे प्रयोगप्रधान असल्याने शाब्दिक वादाने त्यात निर्णय होत नाही, असे ती प्रथम स्पष्ट करते. त्यानंतर ती आचार्यांचे दोन प्रकार सांगते. काहींची विद्या त्यांच्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, तर काहींना ती दुसऱ्यात संक्रांत करण्याची हातोटी असते. ज्याच्याजवळ दोन्ही गुण असतील, तोच शिक्षकांत अग्रस्थानी ठेवावा. म्हणून आचार्यांची परीक्षा त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून व्हावी, असा निर्णय होतो. अंगांचे सौष्ठव स्पष्ट दिसावे यासाठी पात्रांनी वेषभूषा विरळ ठेवावी, अशीही सूचना ती करते. शिष्याची निवड हीसुद्धा शिक्षकाच्या बुद्धीची कसोटी आहे, हा विचार त्याच चर्चेत येतो. स्वतः गणदास तर केवळ उदरनिर्वाहासाठी विद्या बाळगणाऱ्यास विद्येचा व्यापारी ठरवितो. हे उद्गार काढणारा गणदास राजवाड्याचा वेतनदार आहे आणि विदूषक आचार्यांच्या वेतनावरच टोमणा मारतो, ही कालिदासाची मिस्कील दृष्टी येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

२. नागपुरात वर्गाचा शोध

आजच्या नागपुरात नृत्याचा वर्ग सापडणे अवघड राहिलेले नाही. धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, प्रतापनगर, मनीषनगर, नंदनवन, मानेवाडा अशा वस्त्यांतून घराची बैठक, सोसायटीचे सभागृह, शाळेची सुटीनंतर रिकामी होणारी खोली किंवा मंदिराचा मंडप अशा जागी वर्ग चालतात. अभिजात नृत्यांत कथक आणि भरतनाट्यम् यांचे प्राबल्य आहे. त्यांच्या जोडीला चित्रपटगीतांवरील नृत्य, हिप-हॉप, झुंबा आणि नवरात्रापूर्वीच्या दिवसांत गरब्याचे अल्पकालीन वर्ग असतात. विवाहसोहळ्यातील ‘संगीत’ समारंभाने नृत्यदिग्दर्शनाचा आणखी एक हंगामी व्यवसाय निर्माण केला आहे.

वर्गाची निवड कशी होते, हे मात्र विचार करण्यासारखे आहे. घरापासूनचे अंतर, शिकवणीच्या वेळा, मैत्रीण कोणत्या वर्गाला जाते आणि मासिक शुल्क किती, या चार गोष्टींवर बहुधा निर्णय होतो. मुलीला कथक आवडते की भरतनाट्यम्, हा प्रश्न नंतर येतो आणि पुष्कळदा येतच नाही. जवळ जो वर्ग असेल तीच तिची शैली ठरते. मुलगा असेल तर अभिजात नृत्याचा विचार सहसा होत नाही. तिशी-पस्तिशी ओलांडल्यावर शिकू पाहणाऱ्या स्त्रीला लहान मुलींच्या रांगेत उभे राहावे लागते. पालक प्रवेशाच्या वेळी चौकशी करतात ती परीक्षा कोणत्या मंडळाची आणि कितव्या वर्षी ‘विशारद’ होता येईल याची. वर्गातील ज्येष्ठ विद्यार्थिनी कशी नाचते, हे पाहण्याची मागणी क्वचितच होते. कौशिकीचा निकष येथे पहिल्याच पायरीवर सुटून जातो.

या निवडीचा दोष केवळ पालकांवर टाकणे योग्य होणार नाही. पालकांनी स्वतः नृत्य पाहिलेले नसते, त्यामुळे पाहून निवडण्याची सवय त्यांना नसते. शिकविणाऱ्या बहुतेक स्त्रिया स्वतःच्या हिमतीवर, संस्थात्मक आधार नसताना वर्ग चालवितात. त्यांना जागेचे भाडे, विद्यार्थिनींची गळती आणि शालेय परीक्षांचे वेळापत्रक सांभाळावे लागते. गणदासाच्या मागे राणी उभी होती; आजच्या ‘ताईं’च्या मागे कोणीही नाही. विद्येचा व्यापार करू नये हे म्हणणे सोपे आहे. परंतु व्यापाराची सर्व जोखीम एकटीवर टाकणाऱ्या समाजाला तसे म्हणण्याचा अधिकार कितपत पोहोचतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

३. परीक्षांची शिडी

नृत्यशिक्षणातील परीक्षापद्धतीला इतिहास आहे आणि तो आदराने समजून घेतला पाहिजे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या शिष्यपरंपरेतून १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे राहिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या त्यातूनच मध्यमवर्गीय घरांत परिचित झाल्या. घराण्याबाहेरच्या व्यक्तीला, विशेषतः प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या घरांतील मुलींना, क्रमबद्ध शिक्षणाचे दार या व्यवस्थेने उघडले. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय मुलीने कथक शिकणे हेच धाडस होते. पं. लच्छू महाराज आणि पं. मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून मिळविलेली विद्या रोहिणीताईंनी रंगमंचावर सिद्ध केली, शिष्यांत संक्रांत केली आणि तिच्यावर मराठीत लेखनही केले. कौशिकीने अपेक्षिलेले दोन्ही गुण एकाच ठायी असलेल्या आचार्यांचे हे आपल्या जवळचे उदाहरण होय.

विदर्भाच्या बाबतीत भूगोलाचाही विचार करावा लागतो. कला व संगीतासाठी स्वतंत्र विद्यापीठ म्हणून १९५६ मध्ये खैरागढ येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. तोपर्यंत ज्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, त्याच राज्यात खैरागढ होते. पुनर्रचनेनंतर नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि कलेचे नवे विद्यापीठ राज्याच्या सीमेपलीकडे राहिले. आज ते छत्तीसगडमध्ये आहे. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र सुरू झाले ते १९८७ मध्ये, आणि पुणे नागपूरपासून सुमारे सातशे किलोमीटर दूर. परिणामी नागपूरच्या विद्यार्थिनीला नृत्यातील पूर्णवेळ उच्चशिक्षणासाठी बहुधा गाव सोडावे लागते. तसे न करणाऱ्यांसाठी बाहेरच्या मंडळांच्या परीक्षा हाच राजमार्ग ठरतो.

या परीक्षांत काय तपासले जाते? कथकमध्ये तत्कार, थाट, आमद, तोडे, परण, गतनिकास यांचे सादरीकरण आणि हाताने ताल देऊन केलेली पढंत अपेक्षित असते. शास्त्राच्या भागात ‘अभिनयदर्पणा’तील २८ असंयुत हस्त, तालांचे लेखन, घराण्यांची वैशिष्ट्ये आणि कलावंतांची चरित्रे येतात. हा अभ्यासक्रम निरर्थक मुळीच नाही. पढंतीमुळे विद्यार्थिनीच्या मनात लय रुजते, हस्तांच्या अभ्यासामुळे शरीराला भाषा मिळते. उणीव आहे ती परीक्षेच्या जागेत. बंद खोलीत, एका परीक्षकासमोर, ठराविक मिनिटांत आणि ठराविक प्रश्नांच्या क्रमाने जे घडते त्याला प्रयोग म्हणता येत नाही. प्रयोगाला प्रेक्षक लागतो, सलगता लागते आणि चुकल्यावर थांबून पुन्हा सुरू करण्याची सोय तेथे नसते.

शालेय गुणांशी जोडणी झाल्यावर ही शिडी अधिक घट्ट झाली. शास्त्रीय नृत्य-गायन-वादनाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये घेतला आणि लोककलांचाही त्यात समावेश झाला. कलेला शालेय जीवनात स्थान मिळावे, हा त्यामागील हेतू स्वागतार्हच होता. परंतु नृत्याचा शेवट दहावीच्या गुणपत्रिकेत होतो, अशी समजूत त्याने बळावली. ज्या वयात शरीराला लय सापडू लागते आणि अभिनयाला अनुभवाचा आधार मिळू लागतो, त्याच वयात पुष्कळ मुली वर्ग सोडतात. गणदासाच्या सांगण्याप्रमाणे मालविकेला जे शिकवावे ते ती अधिक सुंदर करून त्यालाच परत शिकविते. ही अवस्था येण्यासाठी लागणारी वर्षे आपल्या शिडीत गृहीत धरलेली नाहीत.

४. अर्थ, साथ आणि पोशाख

मालविकेच्या प्रयोगावर कौशिकीने दिलेला अभिप्राय हा नृत्यसमीक्षेचा नमुना मानता येईल. अंगांतून शब्दांचा अर्थ सूचित झाला, पदन्यासाने लय सोडली नाही, रसात तन्मयता होती आणि एक भाव दुसऱ्याला हळूच बाजूला सारून पुढे आला, असा त्याचा आशय आहे. नागपूरच्या वर्गांतील नृत्य या चार कसोट्यांवर घासून पाहिले तर पहिलीच कसोटी अवघड जाते.

भरतनाट्यम्‌चा प्रचलित क्रम तंजावरच्या दरबारातील चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी घालून दिला. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना ही त्यातील नावे मराठी मुलींना पाठ असतात. वर्णम् आणि पदम् यांचे बोल मात्र तमिळ किंवा तेलुगू असतात आणि त्यांचा अर्थ वहीत लिहून घेतलेला असतो. शब्द कानाला परके असले की अभिनय हा हस्तांचा कोश होऊन राहण्याची भीती असते. येथे एक विसंगती नजरेत भरते. ज्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या आश्रयाने (कारकीर्द १७९८ ते १८३२) हा क्रम आकाराला आला, ते भोसले घराण्याच्या तंजावर शाखेचे मराठी राजे होते. त्यांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी ‘निरूपणे’ आहेत आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नृत्यनाट्यही आहे. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी या निरूपणांचा शोध घेऊन ती रंगमंचावर आणली. त्यांच्या शिष्या डॉ. सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी रचनांचा अभ्यास पुढे नेला आणि ‘नृत्यगंगा’ या उपक्रमातून हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम् सादर केले. मराठी मुलीला स्वतःच्या भाषेत अभिनय शिकता येईल असे साहित्य उपलब्ध असताना ते वर्गांपर्यंत फारसे पोहोचू नये, ही खेदाची बाब होय. तमिळ पदे वगळावीत, असा याचा अर्थ नाही. पहिला अभिनय समजत्या भाषेत झाला तर पुढची परकी भाषाही सजीव होईल, एवढेच सुचवायचे आहे.

लयीची कसोटी साथीशी निगडित आहे. तबलावादक, लेहरा धरणारा हार्मोनियमवादक किंवा नट्टुवंगम् करणारी व्यक्ती वर्गात नियमित असणे खर्चिक असते. त्यामुळे ध्वनिमुद्रणावर आणि आता मोबाईलमधील लेहऱ्यावर सराव होतो. यंत्राची लय अचूक असते. परंतु ते नर्तकीकडे पाहत नाही. ती थांबली तर ते थांबत नाही आणि तिने एखादी जागा सुंदर घेतली तरी त्याला दाद देता येत नाही. सम गाठणे हा दोघांमधील संवाद आहे, हे अशा सरावात कळत नाही. पायाखालच्या जमिनीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. नव्या इमारतींतील कठीण फरश्यांवर तत्कार किंवा अडवू वर्षानुवर्षे केल्यास गुडघे आणि नडग्यांवर ताण येतो. लाकडी किंवा काहीशी लवचीक जमीन ही चैन नसून विद्यार्थिनीच्या आरोग्याचा भाग आहे.

पोशाखाबाबत कौशिकीची सूचना आज नेमकी उलट अमलात येते. वार्षिक कार्यक्रमात भाड्याचे झगमगीत पोशाख, दागिने आणि रंगभूषा यांवर होणारा खर्च काही वेळा अनेक महिन्यांच्या शुल्काएवढा होतो. हा खर्च न झेपणारी मुलगी कार्यक्रमापूर्वी गळते. अंगाची रेषा दिसावी म्हणून वेषभूषा कमी असावी, हा निकष सौंदर्याचा आहे. आजच्या परिस्थितीत तो न्यायाचाही ठरतो.

५. पाहणे आणि दाखविणे

नाटकातील परीक्षेची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. ही परीक्षा मुळात एक बनाव आहे. राजाला मालविका पाहायची आहे आणि त्यासाठी विद्येचा वाद हे निमित्त झाले आहे. राणी धारिणीला याचा संशय येतो. राजाने राज्यकारभारात असे कौशल्य दाखविले असते तर बरे झाले असते, असा बोचरा शेरा ती मारते. नृत्य संपल्यावर मालविका निघू लागते तेव्हा विदूषक काहीतरी चूक राहिल्याचे सांगून तिला थांबवितो, ते राजाला तिला अधिक काळ न्याहाळता यावे म्हणून. निकष उत्तम आहेत, परीक्षक जाणकार आहे आणि तरीही प्रसंगाचा उपयोग भलत्याच हेतूसाठी होतो. कालिदासाने हे लपविलेले नाही, यातच त्याच्या नाटकाची प्रगल्भता आहे.

शहरातील वर्गाचा वार्षिक कार्यक्रम असाच दुहेरी असतो. सभागृह भरलेले असते. परंतु प्रत्येक घर आपल्या मुलीसाठी आलेले असते आणि तिचा गट उतरला की खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. पुढच्या रांगेतील मोबाईल उंचावलेले असतात. मुलीला दाखविले जाते, नृत्य पाहिले जाते असे म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तात प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन आणि आभारप्रदर्शन यांची नावे असतात. नृत्त कसे होते, अभिनयात काय साधले, कोणती रचना नवी होती, यावर बहुधा एकही वाक्य नसते. मराठीत संगीत आणि नाटक यांच्या समीक्षेची परंपरा समृद्ध आहे. नृत्यासाठी तशी परिभाषा वृत्तपत्रांत रुळली नाही आणि महाविद्यालयांतही घडली नाही. कौशिकी नसलेल्या शहरात गणदासाने कोणासाठी शिकवावे, हा यातील खरा पेच आहे.

६. हरदत्ताची पाळी

‘मालविकाग्निमित्रा’च्या दुसऱ्या अंकातील एक तपशील बहुधा विनोद म्हणून सोडून दिला जातो. वयाने ज्येष्ठ म्हणून गणदासाच्या शिष्येला प्रथम संधी मिळते. तिचे नृत्य होते, प्रशंसा होते आणि मग हरदत्त आपला प्रयोग पाहण्याची विनंती करतो. राजाचा हेतू तोवर सफल झालेला असतो. इतक्यात मध्यान्ह झाल्याची वर्दी येते आणि हरदत्ताचा प्रयोग दुसऱ्या दिवसावर ढकलला जातो. तो प्रयोग नाटकात पुन्हा येत नाही. तुलनेसाठी योजलेल्या परीक्षेत तुलना झालीच नाही आणि तरीही श्रेष्ठत्व ठरले.

विदर्भाच्या स्वतःच्या नृत्यपरंपरा या हरदत्ताच्या जागी उभ्या आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार रंगते. पूर्व विदर्भातील खडीगंमतीत शाहीर आणि साथीदार उभ्यानेच खेळ करतात आणि पुरुष ‘नाच्या’ स्त्रीभूमिका वठवितो. गोंड समाजात रेला, ढेमसा ही समूहनृत्ये आहेत. नागपूर शहराच्या स्थापनेचे श्रेय ज्या बख्त बुलंद शहाला दिले जाते तो गोंड राजाच होता. तरीही त्याच्या नगरीत रेला शिकविणारा वर्ग शोधू गेल्यास तो सहज सापडणार नाही. या नृत्यांची शिक्षणपद्धती वेगळी आहे. तेथे शिडी नाही, प्रमाणपत्र नाही. मूल रांगेच्या टोकाला उभे राहते आणि वर्षागणिक आत सरकते. पाहणे आणि शिकणे ही तेथे एकच क्रिया असते.

महाविद्यालयांशी या नृत्यांचा संबंध येतो तो युवक महोत्सवात. लोकनृत्य वा आदिवासी नृत्य ही तेथे मानाची स्पर्धा असते. दहा मिनिटांच्या मर्यादेत, काही दिवसांच्या तालमीत आणि बाहेरून आणलेल्या नृत्यदिग्दर्शकाच्या हाताखाली दंडार किंवा ढेमसा बसविला जातो. वेग वाढवितात, मनोरे रचतात, पोशाख चकचकीत होतो. ज्यांचे ते नृत्य आहे त्या गावकऱ्यांना शिक्षक म्हणून बोलावण्याची कल्पना क्वचितच सुचते. नागपूरला १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. त्याच्या लोकनृत्य महोत्सवांतून अनेक राज्यांचे कलावंत शहरात येतात आणि गुरु-शिष्य परंपरेची योजनाही केंद्रामार्फत राबविली जाते. झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मान होतो, महोत्सव होतो. परंतु वर्ग होत नाही.

येथे एका धोक्याचे भान ठेवावे लागेल. लोकपरंपरेचे शिक्षण नेहमीच आनंदाचे असते असे नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनात नृत्य हे मुलीच्या वाट्याला जातीने आलेले प्राक्तन आहे; तिला ते नाकारण्याची मुभा नाही. शैलजा पाईक यांच्या तमाशाविषयीच्या २०२२ मधील इंग्रजी ग्रंथानेही जात, स्त्रीदेह आणि कला यांतील ही गुंतागुंत पुढे आणली आहे. मालविकासुद्धा पराधीन आहे. तिला नृत्य दाखवायचे आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. या पार्श्वभूमीवर शहरी नृत्यवर्गाचे एक मोठे मूल्य उघड होते. तेथे मुलगी स्वेच्छेने येते आणि स्वेच्छेने थांबते. ही मुभा जपूनच लोकनृत्याला वर्गात आणावयाचे आहे. तसे करताना ज्यांनी ते नृत्य जोपासले त्यांना शिक्षकाचा मान आणि मोबदला मिळाला नाही, तर तो केवळ पोशाखाचा बदल ठरेल.

असे घडू शकते, याचा दाखला दूरचा नाही. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होती, त्याच्या पूर्वेकडील छत्तीसगढी संस्थानांपैकी रायगढ हे एक. तेथील राजा चक्रधरसिंह (१९०५-१९४७) यांनी लखनौ आणि जयपूर परंपरेचे आचार्य पदरी बोलाविले. गम्मतीच्या लोकपरंपरेत वाढलेल्या कार्तिकराम यांच्यासारख्या मुलांना त्यांनी त्या आचार्यांच्या हाती सोपविले आणि त्यातून कथकचे रायगढ घराणे उभे राहिले. गम्मत आणि कथक एकाच आश्रयाखाली आले, तेव्हा नवी शैली जन्मली. अर्थात तो आश्रय राजाच्या इच्छेवर अवलंबून होता. आजच्या काळात ही जबाबदारी संस्थांनी घ्यावयाची आहे.

समारोप

‘मालविकाग्निमित्रा’च्या शेवटी विदर्भाचे राज्य दोन भावांत विभागले जाते आणि वरदा म्हणजे आजची वर्धा नदी ही त्याची सीमा ठरते. राजकारणाचा निकाल लागतो. हरदत्ताचा मात्र लागत नाही. नागपूरच्या नृत्यशिक्षणाची स्थिती अशीच अर्धवट परीक्षेची आहे. परीक्षा पुष्कळ होतात, प्रयोग थोडे होतात, पाहणारे त्याहून थोडे आणि ज्यांचा प्रयोग पाहिलाच नाही त्यांची संख्या मोठी.

वर्ग शोधणाऱ्या घराने कौशिकीचा सल्ला मानला तरी बरेच साधेल. प्रवेशापूर्वी एक पूर्ण तास वर्ग पाहावा. चार-पाच वर्षे शिकलेली विद्यार्थिनी कशी उभी राहते आणि शिक्षिकेने दिलेले तिच्यात किती उतरले, हे न्याहाळावे. पढंत तिच्या स्वतःच्या तोंडची आहे का, बोलांचा अर्थ ती सांगू शकते का, वर्षातून काही वेळा तरी जिवंत साथ मिळते का, जमीन कशी आहे आणि पोशाखाचा खर्च न झेपणाऱ्या मुलीचे काय होते, हे विचारावे. प्रमाणपत्राची चौकशी त्यानंतर.

महाविद्यालयांची जबाबदारी याहून मोठी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत सहअभ्यासक्रमीय श्रेयांकांत सादरीकरणाच्या कलांना जागा मिळाली आहे. त्या जागेचा उपयोग आणखी एक प्रमाणपत्र वाटण्यासाठी न करता पाहण्याचे शिक्षण देण्यासाठी करता येईल. संध्याकाळी रिकामे राहणारे महाविद्यालयाचे सभागृह परिसरातील वर्गांना महिन्यातून एक दिवस खुले करावे. पोशाखाविना, साध्या सरावाच्या वेषात, जिवंत साथीवर प्रयोग व्हावा. मराठीच्या विभागाने त्यावर लेखी अभिप्राय लिहिण्याचा सराव विद्यार्थ्यांना द्यावा. संस्कृतच्या विभागाने ‘मालविकाग्निमित्रा’चे पहिले दोन अंक त्यांच्यापुढे ठेवावेत. त्याच मंचावर दंडारीच्या किंवा रेल्याच्या जाणत्या व्यक्तीला मानधनासह अभ्यागत शिक्षक म्हणून बोलवावे आणि तिच्या प्रयोगाला दहा मिनिटांची घंटा लावू नये. यासाठी मोठा निधी लागत नाही. मध्यान्ह झाली तरी सभा न उठविण्याची तयारी लागते.